पंच्याऐंशी हजार गोवेकर : एका आकड्याची झडती

समुद्राची पातळी मीटरभर वाढली तर गोव्यातली किती माणसं पाण्यात जातील, या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे: पंच्याऐंशी हजार. उत्तर १९९३ सालचं. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्या वर्षी देशाच्या किनाऱ्याचा हिशोब मांडला गेला. मीटरभर वाढीला देशभरात ७१ लाख लोक आणि ५,७६४ चौरस किलोमीटर जमीन बाधित होईल, असा त्याचा निष्कर्ष. गोव्याच्या वाट्याला आली १६ हजार हेक्टर जमीन, म्हणजे राज्याच्या ४.३४ टक्के, आणि ८५ हजार माणसं, म्हणजे ७.२५ टक्के. टक्केवारी पाहिली तर किनाऱ्यावरच्या राज्यांत दोन्ही रकान्यांत गोवाच पहिला.

हा आकडा अजून जिवंत आहे. कुणी तो जसाच्या तसा सांगतो, कुणी ७.२५ टक्क्यांना २०११च्या १४,५८,५४५ लोकसंख्येने गुणून 'एक लाखाच्या वर' असं सांगतो. गुणाकार बरोबरच आहे. पण ती पंच्याऐंशी हजार माणसं नेमकी कोण, कुठल्या वाड्यावरची, आणि त्यांच्या घरात पाणी येणार तरी कुठून, हे विचारलं की गप्पा थांबतात. म्हणून हे प्रकरण घेतलं. आकडा खोटा ठरवायचा हेतू नाही. तो कशाचा बनला आहे ते बघायचं आहे, आणि तोच प्रश्न आज, पणजी ज्यात येते त्या तिसवाडीसारख्या तालुक्यात सोडवायचा झाला तर हिशोब कुठून सुरू करावा लागेल तेही.

आधी त्या दोन आकड्यांना एकमेकांशेजारी ठेवू. १६ हजार हेक्टर म्हणजे १६० चौरस किलोमीटर. त्यात ८५ हजार माणसं बसवली तर चौरस किलोमीटरला ५३०च्या आसपास पडतात. १९९१ साली राज्याची सरासरी होती ३१६. म्हणजे बुडणाऱ्या जमिनीवर सरासरीच्या पावणेदोन पटीच्या आसपास वस्ती धरलेली आहे. किनाऱ्याचे तालुके दाट वस्तीचे, तेव्हा वरवर पाहता हे पटतं. आता तिसरा आकडा घ्या. गोव्यात खाजन जमीन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची सखल जमीन, किती याचं नेहमीचं उत्तर साधारण १८ हजार हेक्टर. सोळा आणि अठरा. इतकी जवळीक बघितल्यावर मला तरी शंका येते, की त्या काळच्या नकाशांत जी जमीन 'एक मीटरच्या खाली' म्हणून रंगली असेल तिचा मोठा भाग खाजनच असणार. आणि खाजनात माणूस राहत नाही. तिथे भात असतं, मीठ असतं, पोंयीत, म्हणजे आतल्या पाणथळ खळग्यात, मासळी असते.

मग हे ५३० जण आले कुठून? तालुक्याची लोकसंख्या तालुक्याच्या क्षेत्रफळावर सारखी पसरवली की ते आपोआप येतात. अशा हिशोबांत तेव्हा दुसरा सोयीचा मार्गही नव्हता.

मीटर कुठून मोजायचा

लोकसंख्येच्या आधी उंचीचा घोळ निस्तरावा लागतो. 'समुद्रसपाटीपासून एक मीटर' यातली सपाटी म्हणजे सरासरी पातळी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवरच्या उंची ज्या पायावर उभ्या आहेत, तो १९०९ साली किनाऱ्यावरच्या नऊ भरतीमापकांच्या नोंदींवरून ठरला. पण मांडवीच्या काठावर राहणाऱ्याला सरासरी समुद्र दिवसातून काही क्षणच भेटतो. मांडवीच्या मुखाशी उधाणाच्या भरती-ओहोटीत साधारण २.३ मीटरचा फरक असतो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीला, दीड मीटरचा. म्हणजे पुनवेला, अमावास्येला पाणी आजच सरासरीच्या मीटरभर वर चढतं, थोडं जास्तच.

याचा सरळ अर्थ असा: सरासरीच्या वर एक मीटरपर्यंतची जी जमीन आहे ती बुडायला २१००ची वाट बघावी लागत नाही. मध्ये बांध नसेल तर येत्या अमावास्येला ती पाण्याखाली. एक मीटरची रेघ सरासरीपासून ओढून 'समुद्र वाढल्यावर एवढं जाईल' असं म्हणणं म्हणजे आजच्या उधाणाची जागा उद्याच्या नावावर दाखवणं. खरोखर मीटरभर वाढ झाली तर उधाणाचं पाणी सरासरीच्या आजच्या रेघेपासून २.१ मीटरच्या पुढे जाईल. बघायला हवा तो एक ते दोन मीटरमधला पट्टा. गोव्यात त्या पट्ट्यात काय येतं? डोंगराच्या पायथ्याची घरांची रांग, नदीकाठचे रस्ते, पणजीचे सखल भाग, आणि गेल्या काही दशकांत भराव घालून उठवलेली नवी वस्ती. थोडक्यात, माणसं.

म्हणून ८५ हजार हा आकडा अवाच्या सवा आहे असं मी म्हणणार नाही. तो कदाचित बऱ्यापैकी जवळचाही असेल. पण त्यातली माणसं चुकीच्या जागी उभी केलेली आहेत.

मीटरभर वाढ कधी, हेही इथेच सांगून टाकतो. हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या, आयपीसीसीच्या, सहाव्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात जगाचा समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढला. शतकाअखेरीस, उत्सर्जन खूप कमी केलं तर २८ ते ५५ सेंटिमीटर आणि खूप जास्त राहिलं तर ६३ सेंटिमीटर ते १.०१ मीटर, असा त्यांचा संभाव्य पल्ला. उत्तर हिंद महासागरात १९९३ ते २०१५ या काळातला वेग वर्षाला ३.३ मिलिमीटर. तेव्हा मीटरभर ही शतकाअखेरच्या पल्ल्याची वरची कड समजावी. अर्धा मीटर मात्र, शतकाअखेरीस नाही तर त्यानंतर, जवळपास कुठल्याही वाटेने येतोच. गोव्यात अर्ध्या मीटरलाच काय होतं ते बघण्यासाठी खाजनाच्या बांधातल्या दारापाशी, मानशीपाशी जावं लागेल.

मानस

खाजनाचा बांध चिखलाचा. आत पेंढा, नदीकडच्या अंगाला जांभ्याचे चिरे, पुढे तिवरांची झुडपं लाटा खायला. बांधात एका जागी चिऱ्यांचं बांधकाम आणि त्यात लाकडी दारं, ती मानस. दारं नदीच्या बाजूला उघडणारी. भरती चढली की नदीचं पाणी दारांना चौकटीवर दाबून धरतं, ती बंद होतात. ओहोटीला आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा उंच झालं की तेच दारं ढकलून उघडतं. माणूस नाही, मोटर नाही, वीज नाही. रात्री ओहोटीच्या तोंडाशी जाळं लावलं की कोळंबी, शेवटे, कुर्ल्या मिळतात. त्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते, आणि पावणी घेणारा कधीकधी दारं अडकवून जास्तीचं खारं पाणी आत घेतो, कारण पाण्याबरोबर मासळी येते. मग कुळांच्या कोरगुट भाताची वाट लागते. हे भांडण गोव्यात जुनं आहे, आणि माणसं मोजण्याच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे, तो पुढे येईल.

आता थोडं गणित. समजा, आतल्या पाण्याची पातळी समुद्राच्या आजच्या सरासरीएवढी ठेवायची आहे. भरती-ओहोटीचं एक चक्र साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचं. त्यातला निम्मा वेळ, सहा तासांच्या वर, बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली असतं आणि दार उघडं राहतं. समुद्र अर्धा मीटर चढला की ओहोटीही अर्धा मीटर चढते. ही गोष्ट लोक विसरतात; सगळ्यांचं लक्ष भरतीकडे. भांगाच्या दिवसांत दार उघडं राहण्याचा वेळ उतरून सव्वातीन-साडेतीन तासांवर येतो. पाऊण मीटर वाढीला भांगात दार उघडतच नाही. पुऱ्या मीटरला उधाणाच्या दिवसांत दोनेक तासांची फट उरते, बाकी पंधरवड्यातला बराच काळ बंद. खरी भरती इतकी गुळगुळीत नसते, लागोपाठच्या दोन भरत्याही सारख्या नसतात, पण दिशा हीच.

बांधावरून पाणी आत येण्याच्या कितीतरी आधी आतलं पाणी बाहेर जायचं थांबतं. जुलैतला पाऊस डोंगरावरून खाजनात उतरतो, आणि त्याला जायला वाट नाही. पायथ्याच्या घरांत जे पाणी शिरेल ते गोडं असेल, डोंगराकडून आलेलं, आणि तरीही ते समुद्राने आणलेलंच. बांधाचा माथा आणि भरतीची रेघ यांची तुलना करणाऱ्या कुठल्याही नकाशात हे घर बाधित दिसत नाही.

निसर्ग इथे एक सवलत देतो. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगत समुद्राची सरासरी पातळी जरा उतरलेली असते. वाऱ्यांमुळे, दक्षिणेकडे वाहणाऱ्या प्रवाहामुळे, खोलातलं थंड पाणी वर येतं त्यामुळे. हिवाळ्यात ती पुन्हा चढते. पावसाळा संपतानाची आणि नंतरची वादळं मात्र ही सवलत मानत नाहीत. नोव्हेंबर २००९च्या फयान वादळात मांडवीवर वेरे इथल्या मापकाने भरतीच्या हिशोबापेक्षा वर चढलेलं पाणी नोंदलं. ऑक्टोबर २०१९मध्ये क्यार कितीतरी दूरून गेलं, तरी गोव्याच्या किनाऱ्यांवर पाणी शॅकमध्ये आलं.

वरून पाहिलेला गोवा

१९९३नंतर उंची मोजायचं साधन बदललं. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची रडारने उंची घेतली. एसआरटीएम म्हणून तो नकाशा फुकट मिळतो आणि पुढची पंधरा-वीस वर्षं जगभरचे बहुतेक हिशोब त्यावरच झाले. त्याची खोट अशी की रडार जमीन बघत नाही. झाडांचे शेंडे नि घरांची छपरं जिथे लाट परतवतात ती उंची तो 'जमीन' म्हणून लिहितो. शिवाय उंची पूर्ण मीटरमध्येच. अर्ध्या मीटरचा प्रश्न त्याला विचारताच येत नाही.

माडांचं भाट घ्या. नदीकाठचं, सरासरीच्या दीड मीटर वर. माडाखाली घर. तीस मीटर बाय तीस मीटरच्या चौकोनात अर्धे झावळ्यांचे शेंडे आले की ती जागा नकाशावर सहा-सात मीटर उंच दिसायला हरकत नाही. घर सुरक्षित, माणसं सुरक्षित, रकाना रिकामा. शेजारच्या उघड्या खाजनात झाड नाही, तिथली उंची जवळपास खरी येते आणि ते लाल रंगात बुडतं. नकाशा माणसांना उचलून धरतो आणि शेताला बुडवतो.

२०१९ मध्ये कल्प आणि स्ट्राउस या दोन संशोधकांनी ही चूक दुरुस्त करून जगाचा हिशोब पुन्हा केला. आजच्या भरतीच्या रेघेखाली राहणारे लोक जुन्या नकाशाने २.८ कोटी येत होते, दुरुस्तीनंतर ११ कोटी. भारतात २०५० पर्यंत वर्षातून एकदा तरी पूर येऊ शकेल अशा जमिनीवरचे लोक जुन्या नकाशावर ५० लाख होते, ते ३ कोटी ६० लाख झाले. समुद्राच्या वाढीत काही बदल झाला नव्हता. जमीन खाली आली, एवढंच.

त्या अकरा कोटींत मला जास्त रस आहे. ती माणसं आज भरतीच्या रेघेखाली राहतात आणि बुडत नाहीत, कारण त्यांच्यापुढे बांध आहेत. जगाच्या हिशोबात बांध धरता आले नाहीत, कारण बांधांची जागतिक यादीच नाही. याला बाथटब मॉडेल म्हणतात: अमुक उंचीपर्यंत पाणी भरलं, खालचं सगळं बुडालं. हॉलंडलाही ते लागू नाही आणि मांडवीतल्या चोडण बेटालाही नाही. पण मॉडेलने बांध सोडला म्हणून त्यालाच दोष देत बसण्यात अर्थ नाही. आपल्याकडे तरी बांधांची यादी कुठे जागेवर आहे?

माणसं कुठे ठेवायची

नदीकाठचं गोमंतकीय गाव डोक्यात आणा, दिवाडी म्हणा किंवा कुंभारजुवे. वर सडा, म्हणजे डोंगरमाथ्याचं पठार, त्याखाली उतार, उताराच्या पायथ्याशी रस्ता आणि घरांची ओळ, मग खाजन, मग बांध, मग नदी. गावाचं क्षेत्रफळ मोठं दिसतं पण माणूस त्यातल्या एका अरुंद पट्टीत राहतो. जनगणनेचा आकडा मिळतो गावाचा. तो गावभर सारखा पसरला की निम्मी माणसं भातात उभी राहतात आणि काही सड्यावर जातात, जिथे काजूशिवाय काही नाही. उपग्रहावरून छपरं ओळखून तिथेच माणसं ठेवणारे नवे नकाशे बरे. पण छप्पर म्हणजे माणूस नव्हे, गोव्यात तर नव्हेच. २०११च्या जनगणनेत इथलं साधारण पाचातलं एक घर रिकामं होतं. मालक मुंबईला, पोर्तुगालला, आखातात. उलट त्याच वाड्यावर ओढ्याच्या कडेला भाड्याच्या खोल्यांत बांधकामावरचे कामगार दाटीवाटीने राहतात. छपरं चार, माणसं चाळीस. आणि त्या खोल्या गावातल्या सगळ्यात सखल जागी असतात, कारण तिथली जागा स्वस्त.

शिवाय आपण वापरतो आहोत ती मोजणी २०११ची. २०२१ची झालीच नाही, पुढची २०२७ची.

आणखी एक घोळ 'किनारी' या शब्दाच्या मागे लपतो. समुद्रापासून अमुक किलोमीटरच्या आतली माणसं, अशी चाळण लावली की हिशोब सोपा होतो. पण मांडवी आणि जुवारीत भरती चाळीसेक किलोमीटर आतपर्यंत जवळजवळ मुखाशी असते तेवढ्याच उंचीने जाते. समुद्र कधी न दिसणाऱ्या गावाच्या मानशीवरही समुद्राचंच वेळापत्रक चालतं. कळंगुटच्या वाळूवरचा माणूस एखाद्या वेळी वाळूच्या टेकाडामुळे वाचेल. नदीच्या आतल्या वळणावरचा वाचेलच असं नाही.

पणजीचं थोडक्यात. शहराचा बराच सखल भाग दलदल नि खाजन भरून झालेला आहे. सांतिनेजची खाडी आणि मळा या वाड्याच्या कडेचा ओहळ यांची तोंडं मांडवीत. जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की गटारांचं पाणी उलटं फिरतं, मळ्यात पंप लावून ते बाहेर काढावं लागतं. इथे बांध नाही, मानस नाही, पण यंत्रणा तीच: ओहोटीची वाट बघायची. समुद्र वाढला की वाट लांबते. अठरा जून रस्त्यावरच्या दुकानदाराला तुम्ही समुद्राने बाधित आहात असं सांगितलं तर तो हसेल, तो गटारांना शिव्या घालतो. गटारांची अवस्था शिव्या घालण्यासारखी असतेही, त्यामुळे त्याला समजावणं अवघड.

मग मोजायचं कसं

पुन्हा तिसवाडीकडे. मला विचाराल तर गोव्यात मोजणीचं एकक गाव नको, किनाऱ्यापासूनचं अंतर नको, उंचीची रेघही नको. एकक बांध असावा. प्रत्येक बांधामागे एक खाजन, त्याला एक किंवा जास्त मानशी, आणि त्या खाजनात ज्याचं पाणी उतरतं ती घरं. ही हद्द पाण्यानेच आखलेली आहे, महसुली हद्दीशी ती जुळत नाही.

अशा प्रत्येक बांधाला तीन गोष्टी मोजाव्या लागतात: माथा सगळ्यात खाली कुठे आहे, मानशीचा उंबरा किती खोल आहे, आणि पायथ्याच्या सगळ्यात खालच्या घराचं जोतं किती उंच. तिन्ही एकाच पायावरून, सरासरी पातळीपासून. यासाठी उपग्रह लागत नाही. सर्वेक्षणाची लेव्हल आणि पट्टी घेऊन दोन माणसं हे करतात. या तीन उंची हाती आल्या की माणसं वेगवेगळ्या ढिगांत पडतात. काहींच्या घरावर बांधावरून पाणी येईल. काहींच्या घरात मानस उघडत नाही म्हणून पावसाचं तुंबेल. काहींच्या घरात पाणी येणारच नाही, पण विहीर खारी होईल आणि शेत जाईल. ते जुन्या हिशोबात बाधित धरले होते की नव्हते, हे आता कळायला मार्ग नाही. या तिघांची बेरीज करून एक आकडा काढू नये. पहिल्यांना हलवायचं की बांध उंच करायचा हा प्रश्न आहे, दुसऱ्यांना पंप हवा, तिसऱ्यांना नळ.

आता मघाचं भांडण. वरच्या सगळ्या हिशोबात बांध शाबूत आहे असं धरलं. खाजनात तो शाबूत राहतो तो दर वर्षीच्या डागडुजीने: कुर्ल्यांची भोकं बुजवणं, खचलेला माथा उचलणं, कुजलेली दारं बदलणं. पूर्वी ते गावकारी, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणारी संस्था, बघायची. १९६४च्या कूळ कायद्यानंतर हळूहळू कुळांच्या संघांकडे गेलं. जिथे शेती चालू आहे तिथे बांधाला धनी आहे. जिथे शेत पडीक आहे आणि मानशीच्या पावणीचाच पैसा येतो, तिथे दार बंद ठेवण्यात कुणाला रस नाही. बांधाला खांड पडते, एका उधाणात ती रुंद होते, आणि पायथ्याच्या घरांपुढे नदी येते. समुद्र त्या वर्षी तीन-चार मिलिमीटर वाढलेला असतो. या घरातली माणसं समुद्रवाढीच्या खाती लिहायची की बांधाच्या? मी दोन्हीकडे लिहीन, पण वेगळ्या शाईने. २०५०चा अंदाज करताना कुठला बांध तोपर्यंत टिकेल हे ठरवण्यासाठी हवामानाच्या मॉडेलचा उपयोग नाही. संघाच्या सभा होतात का आणि हिशोब लिहिला जातो का, हे बघावं लागतं.

२०११च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी कलमं आहेत, त्यांत खाजनांचं नकाशांकन करून ती राखायची असं म्हटलं आहे. खाजनाची हद्द दाखवणारा नकाशा हा हिशोबाचा पहिला थर. त्यावर बांधाच्या माथ्याची उंची चढवली की दुसरा. ती मोजायची वेळही ठरलेली असावी, मे महिन्याच्या शेवटी, डागडुजी झाल्यावर आणि पावसाच्या आधी, कारण पावसाळ्यानंतर तोच बांध काही इंच खचलेला मिळतो. तिसरा थर घरांचा, २०२७च्या मोजणीनंतर, आणि त्यात भाड्याच्या खोल्या धरून. तोवर तिसवाडीसाठी एकच आकडा मागणाऱ्याला मी ८५ हजारांचा आपला वाटा काढून देणार नाही. बांधांची यादी देईन, आणि प्रत्येकापुढे मागच्या घरांची संख्या लिहायला जागा सोडीन.